लहान मुलांचा मधुमेह : पंप घ्यावा की सुईच बरी?

लेखक : ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर मी दर अंकात बेणे, खते, पाणी, हुमणी असल्या गोष्टींवर लिहीत असतो. या वेळचा विषय उसाचा नाही. मी डॉक्टरही नाही, कृषी पदविका घेतलेला माणूस आहे. तरी लिहितो आहे, त्याचे कारण सांगतो.

मागच्या महिन्यात गट कार्यालयात एक वडीलधारे सभासद माती परीक्षणाचा अहवाल घेऊन आले. अहवाल समजावून झाला, चहा झाला, तरी उठेनात. मग स्वतःच उठून त्यांनी दार लोटून घेतले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, तुमच्या पुतणीला लहानपणापासनं साखर हाय म्हणं. आमच्या नातवालाबी निघालीया. तीन वर्साचा हाय. कोण म्हणतंय रोज सुया टोचा, कोण म्हणतंय पंप लावा. पंप लाखांत जातोय. पहिली उचल सगळी त्यात घालू का? तुम्हीच सांगा."

त्यांना जे सांगितले तेच येथे लिहितो. कारण दार लोटून बोलणारे ते एकटे नाहीत. ऊस नोंदीसाठी शिवारात फिरताना मला अशी आणखी तीन घरे कळली आहेत. तिन्ही ठिकाणी पहिली विनंती एकच, "बाहेर बोलू नका." मुलगी असेल तर दोनदा. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२१ साली केलेल्या अंदाजाप्रमाणे भारतात वीस वर्षांखालील सुमारे २ लाख २९ हजार मुलांना हा आजार आहे. एवढी मुले असून गावोगाव दारे लोटलेलीच आहेत.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी सहा वर्षांची असताना दिवाळीनंतर तांब्यावर तांब्या पाणी पिऊ लागली. अंथरूण ओले होऊ लागले. पोर वाळली. आम्हांला वाटले जंत. मग उलट्या, पोटदुखी आणि धाप सुरू झाली. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नेले. तिथे पोट बिघडले समजून ग्लुकोजचे सलाईन लावले. म्हणजे आगीत रॉकेल! रात्री पोर शुद्धीत राहिना, तेव्हा गाडी काढून मोठ्या दवाखान्यात पळवली. तिथल्या सिस्टरबाईंनी आधी बोट टोचले. यंत्रावर आकडा उमटलाच नाही, नुसते 'हाय' असे आले. मोजता येणार नाही एवढी साखर. अतिदक्षता विभागात तीन दिवस काढले. रक्ताचा एक थेंब आणि तपासणीची एक पट्टी, एवढ्यावर पहिल्याच दिवशी निदान झाले असते. खूप तहान, खूप लघवी आणि झपाट्याने वजन घटणे, ही तीन लक्षणे लेकरात एकत्र दिसली तर त्याच दिवशी साखर तपासा. बाकी लेख वाचायचा राहिला तरी एवढे ध्यानात ठेवा.

माझी चूक पण सांगून टाकतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी भावाला सगळ्यांसमोर बोललो, "गुऱ्हाळावर नेऊन काकवी पाजलीस, आता भोग." तो काही बोलला नाही. नंतर कळले की मुलांच्या या मधुमेहाचा गोड खाण्याशी संबंध नाही. याला टाईप वन म्हणतात. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकतात. इन्सुलिन बनायचे थांबते आणि रक्तातली साखर अंगाला लागेनाशी होते. यात आईबापाचा दोष नाही. साखर कारखान्याच्या अंकात हे छापले म्हणून कोणी म्हणेल, साहेब धंद्याची बाजू घेतात. तसे नाही. मोठ्या माणसांचा मधुमेह वेगळा. तिथे वजन, बैठे काम आणि खाणे यांचा हात असतो. तिथे आपली साखर आवरलेलीच बरी.

टाईप वनला गोळी चालत नाही, काढा चालत नाही. इन्सुलिन बाहेरूनच द्यावे लागते आणि जन्मभर द्यावे लागते. शंभर वर्षांपूर्वी असली मुले वर्ष-दोन वर्षांत जात. कॅनडात टोरांटो येथे जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले. पहिला अर्क अशुद्ध होता, पोराला त्रास झाला. बारा दिवसांनी शुद्ध केलेला अर्क दिला तेव्हा साखर उतरली. तो आणखी तेरा वर्षे जगला. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी त्याचे हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. १४ नोव्हेंबर हा बँटिंगचा जन्मदिवस, म्हणून त्या दिवशी जागतिक मधुमेह दिन असतो. आपल्याकडे तोच बालदिन.

आता सुई आणि पंप.

निरोगी माणसाचे स्वादुपिंड दोन कामे करते. चोवीस तास थोडे थोडे इन्सुलिन सोडते आणि जेवले की वरून जास्तीचे सोडते. बाहेरून देताना हेच साधायचे असते. चांगल्या पद्धतीत दिवसाकाठी चार सुया होतात. एक दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनची आणि तीन जेवणांआधी जलद काम करणाऱ्याची. पहिलीला डॉक्टर 'बेसल' म्हणतात. ऐकून मला बरे वाटले. लागणीच्या वेळी आपण देतो तोही बेसल डोसच. पण आपल्या भागात बहुतेक मुलांना तयार मिश्रणाचे इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ असे दोनदाच टोचले जाते. स्वस्त आणि सुटसुटीत पडते. मात्र त्यात खाणे इन्सुलिनच्या वेळेमागे पळते. शाळा उशिरा सुटली, डबा खाल्ला नाही, की साखर एकदम खाली. लग्नात दोन पुऱ्या जास्त झाल्या की वर. उसाला सगळा युरिया दोन हप्त्यांत फेकून द्यावा, पीक कधी काय मागते ते बघूच नये, तशी ही पद्धत.

पंप म्हटल्यावर आमच्या आईला पहिल्यांदा पाठीवरचा फवारा आठवला. ती अगदीच चुकली नव्हती. १९६० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत लॉस एंजेलिसला अर्नोल्ड कॅडिश यांनी बनवलेला इन्सुलिनचा पंप खरोखरच पाठीवर घ्यायच्या पिशवीएवढा होता. १९७८ मध्ये लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी अंगावर वागवता येईल अशा छोट्या पंपाचे प्रयोग प्रसिद्ध केले. आताचा पंप लहान मोबाइलएवढा असतो. कमरेला लावायचा. त्यातून बारीक नळी निघते आणि तिच्या टोकाची मऊ नळकांडी पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली बसते. दोन-तीन दिवसांनी जागा बदलून नवी बसवायची. पंपात फक्त जलद इन्सुलिन भरतात. तो ते तासाला ठरवलेल्या मापाने सोडत राहतो. जेवणाआधी किती खाणार तो अंदाज घालून बटण दाबले की वरचा डोस जातो.

थोडक्यात ठिबक. ठिबकचे जे फायदे ते याचे. चार सुया म्हणजे वर्षाला १,४६० वेळा टोचणे. तीन दिवसांनी नळकांडी बदलली तर वर्षात साधारण १२२ वेळा. पहाटे तीन-चारनंतर पुष्कळ मुलांची साखर आपोआप चढते. पंपाला सांगता येते की तेवढे तीन-चार तास माप वाढव. रात्री टोचलेल्या सुईला असे सांगता येत नाही. खेळायच्या आधी माप कमी करता येते. आणि सर्वांत मोठी गोष्ट लहान लेकरांची. साध्या पेनातून कमीत कमी एक युनिट जाते, काही पेनांतून अर्धे. पंप एका युनिटचा विसावा भागसुद्धा देऊ शकतो. तीन वर्षांच्या, बारा-तेरा किलोच्या पोराला एक युनिट हेच मोठे माप असते. ते कधी काय खाईल आणि कधी ताट ढकलून देईल याचाही नेम नसतो. म्हणून त्या आजोबांना मी म्हटले, "आमच्या पोरीचा हिशोब तुमच्या नातवाला लावू नका. तुमच्या डॉक्टरांनी पंपाचा विषय काढला त्याला कारण आहे."

पण ठिबकची उपमा एका जागी मोडते आणि तेच पालकांना कोणी नीट सांगत नाही. ठिबकची मोटर दोन दिवस बंद पडली तरी काळ्या रानात ओल असते. ऊस तग धरतो. दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनची सुई म्हणजे अंगातली ती ओल. पंपवाल्या मुलाच्या अंगात ही ओल नसते. त्याच्याकडे सगळे जलद इन्सुलिन, ते काही तासांत संपते. नळी मुडपली, नळकांडी घामाने निसटली, सेल संपला आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर काही तासांतच रक्तात आम्ल वाढू लागते. रात्रभर तसेच राहिले तर सकाळी दवाखाना. म्हणून पंप असला तरी घरात, दप्तरात आणि प्रवासात इन्सुलिनचे पेन किंवा सिरिंज हवीच. साखर उगाच चढून उतरेना झाली तर पंपावर भरवसा ठेवायचा नाही. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे सुईने डोस द्यायचा आणि नळकांडी बदलायची. पंप घेतला म्हणजे सुई सुटली, असे नाही.

दुसरा गैरसमज म्हणजे पंप साखर बघून इन्सुलिन देतो. साधा पंप काही बघत नाही. तुम्ही सांगाल तेवढे देतो. बोट टोचणे सुटत नाही.

आता परदेशातले प्रयोग. मी वाचले ते आपल्या भाषेत सांगतो. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ अशी दहा वर्षे १,४४१ रुग्णांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना जुन्या पद्धतीने दिवसाला एक-दोन सुया. निम्म्यांना तीन किंवा जास्त सुया अथवा पंप, शिवाय वारंवार तपासणी आणि त्याप्रमाणे डोस. दुसऱ्या गटात डोळ्यांचा बिघाड नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. मूत्रपिंड आणि नसा यांचेही रक्षण झाले. या गटात सुईवाले आणि पंपवाले एकत्रच होते. फायदा झाला तो तपासून देण्याचा. मात्र त्याची किंमतही होती. साखर धोक्याइतकी खाली जाण्याचे प्रसंग या गटात सुमारे तिप्पट झाले.

मग नुसता पंप विरुद्ध सुई? जर्मनी, ऑस्ट्रिया व लक्झेंबर्ग येथील वीस वर्षांखालच्या मुलांच्या नोंदी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. शंभर मुले वर्षभर पाहिली तर साखर फार खाली जाण्याचे गंभीर प्रसंग सुईवाल्यांत १४ च्या आसपास, पंपवाल्यांत साडेनऊ. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेतही थोडा फरक होता. पण येथे माझ्यातला शेतकी माणूस जागा होतो. आपल्या कार्यक्षेत्रात ठिबकवाल्यांचा उतारा जास्त आहे, त्यातला किती ठिबकचा आणि किती मुळातच कष्टाळू शेतकऱ्याने ठिबक घेतल्याचा? हे वेगळे करायचे तर प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटावे लागतात. ब्रिटनमध्ये तेच केले. नुकताच मधुमेह निघालेली २९३ मुले, १५ केंद्रे, आणि चिठ्ठीत निघेल त्याप्रमाणे पंप किंवा दिवसाला अनेक सुया. त्याचा निकाल २०१९ मध्ये आला. वर्षाअखेर सुईवाल्यांची तीन महिन्यांची साखर ७.५, पंपवाल्यांची ७.७. म्हणजे पंपाने पहिल्या वर्षात काही कमाल केली नाही, खर्च मात्र वाढला. तिथे सुईवाल्यांनाही शिकवणाऱ्या नर्स होत्या, पट्ट्यांची ददात नव्हती. नीट दिलेली सुई ही गरिबाची तडजोड नव्हे, एवढे यावरून मी धरून चाललो आहे.

आमच्या घरात हे वेगळ्या वाटेने कळले. पुतणी नऊ वर्षांची होईपर्यंत दोन सुयांवर होती. तीन महिन्यांची साखर दहाच्या वर. पुण्याला मधुमेही मुलांच्या एका शिबिरात भावाने पंप लावलेला मुलगा पाहिला आणि घरी येऊन जाहीर केले, "खोडव्याचं बिल आणि दोन म्हशी. पंप घ्यायचा." मी त्याच्याबरोबर पुण्याला गेलो. डॉक्टरबाईंनी पंपाचा विषय बाजूला ठेवून आधी साखरेची वही मागितली. वहीत रोजचा सकाळचा आकडा होता. दुपारचे, रात्रीचे खाने कोरे. आणि शेवटचे पंधरा दिवस एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेले. सगळे आकडे १२० ते १५०. अशा वह्या मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या आहेत, लगेच ओळखली. भावजयीने मान खाली घातली. पट्ट्या संपल्या होत्या आणि बाई रागावतील म्हणून आदल्या रात्री तिने वही भरली होती.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पंप चालतो तो या वहीवर. आधी चार सुया, रोज पाच वेळा तपासणी, आणि खाण्याचा हिशोब शिका. सहा महिन्यांनी पंपाचं बोलू."

हिशोब म्हणजे भाकरीत किती पिष्टमय पदार्थ जातात ते मोजणे. घरात वजनकाटा आणला. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत साधारण ३५ ग्रॅम. भाताची वाटी, पोह्याची बशी, केळे, सगळे एकदा मोजून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहिले. किती ग्रॅमला किती युनिट, ते प्रत्येक मुलाचे वेगळे. डॉक्टरच ठरवून देतात. आता पुतणी ताटाकडे पाहून सांगते, "साठ." बहुतेक वेळा बरोबर निघते. सहा महिन्यांत १०.४ वरून ८.२ वर आलो. पंप न घेता. म्हशी दावणीलाच राहिल्या.

मात्र साखर खाली आली तशी रात्रीची भीती आली. प्रयोगात तिप्पट म्हटले ते हेच. फेब्रुवारीत एका रात्री तीनच्या सुमारास पोर घामाघूम होऊन थरथरत उठली. साखर ४८. आईने तीन चमचे साखर पाण्यात घोळून दिली, पंधरा मिनिटांनी तपासले, पुन्हा दिली. आपल्याच कारखान्याची साखर, त्या रात्री तीच औषध. (पोर बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही ओतू नका, श्वासात जाते. तसेच दवाखान्यात न्या. अशा वेळी द्यायचे ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन मिळते, ते डॉक्टरांकडून लिहून आणि शिकून घ्या.) त्या रात्रीपासून भावजय रोज दोन वाजता उठून बोट टोचते. याला आता अडीच वर्षे झाली. दिवसा शेतात, रात्री दोनला जागी. सलग झोप कशी असते ते ती विसरली आहे.

म्हणून पंपाचा विषय आमच्याही घरात मिटलेला नाही. आता जो पंप आला आहे तो साध्या पंपापेक्षा वेगळा आहे. दंडावर किंवा पोटावर एक छोटा सेन्सर चिकटवतात. तो दर पाच मिनिटांनी साखरेचा अंदाज पंपाला कळवतो. साखर उतरू लागली की पंप आपण होऊन इन्सुलिन थांबवतो, चढली की वाढवतो. जेवणाचा आकडा अजूनही माणसानेच घालायचा. पण रात्री जेवण नसते, त्यामुळे रात्रीचे काम तो सर्वांत चांगले करतो. युरोपात एक ते सात वर्षांच्या ७४ मुलांवर याचा प्रयोग झाला, त्याचा निकाल २०२२ मध्ये आला. सेन्सर असलेल्या साध्या पंपाच्या तुलनेत या मुलांची साखर दिवसाकाठी सुमारे दोन तास जास्त वेळ योग्य पातळीत राहिली. डिसेंबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेत अठरा वर्षांखालील टाईप वनच्या मुलांना असा पंप द्यावा, अशी शिफारस झाली. तिथे खर्च सरकार करते.

आपल्याकडे तो आपल्याला करावा लागतो. आणि खर्च फक्त पंपाचा नाही. ठिबकचा संच अनुदानात येतो, पण विद्राव्य खत दर हंगामाला विकत घ्यावे लागते. तसेच येथे. नळ्या, नळकांड्या, इन्सुलिनची टाकी, सेन्सर हे महिन्याच्या महिन्याला. किती लॅटरल बांधावर गुंडाळून पडल्या आहेत ते तुम्ही-आम्ही जाणतो. पंप घेऊन दोन वर्षांत कपाटात ठेवल्याचेही मी ऐकले आहे. म्हणून विक्रेत्याला पंपाची किंमत विचारू नका, वर्षाचा चालवायचा खर्च विचारा आणि तो कागदावर लिहून घ्या. वॉरंटी संपल्यावर काय, बिघडला तर बदली पंप किती दिवसांत, तालुक्याला येईल की पुण्या-मुंबईला जावे लागेल, हेही विचारा. सलग पाच वर्षे, ऊस कमी आला तरी, हा खर्च झेपेल का ते घरात बसून ठरवा. उचल एकदाच मिळते, सेन्सर दर पंधरवड्याला लागतो.

माझे स्वतःचे मत विचाराल तर दोन सुयांवर असलेल्या मुलाचा पहिला पैसा पट्ट्यांवर आणि चार सुयांवर जावा. त्यानंतर जमेल तेव्हा सेन्सर. तो पंपाशिवायही लावता येतो आणि रात्री साखर कुठे जाते ते दाखवतो. आम्ही परीक्षेच्या आणि तोडणीच्या दिवसांत लावतो. भावजय त्या पंधरा दिवसांत दोनला उठत नाही. पंप घ्यायचाच तर सेन्सरवर चालणारा घ्यावा. नुसत्या साध्या पंपासाठी कर्ज काढावे असे मला वाटत नाही, अगदी लहान लेकराची गोष्ट सोडून. माझा भाऊ म्हणतो अजून थांबू. भावजय म्हणते, "तुम्ही दोघं झोपता, म्हणून थांबता." याला मजजवळ उत्तर नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा पुण्याला जायचे आहे. या वेळी तिला बोलू द्यायचे ठरले आहे.

सुईवाल्यांसाठी दोन गोष्टी, कारण त्यात चुका फार होतात. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदीचे मिळते. कुपीतले बहुधा एका मिलीत ४० युनिट, पेनमधले १००. सिरिंजही दोन : लाल टोपणाची ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. शंभरचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरले तर पोटात १० नव्हे, २५ युनिट जातात. तणनाशकात माप चुकले तर पीक जळते, येथे पोर जाते. कुपी आणि सिरिंज दर वेळी ताडून पाहा. दुसरे म्हणजे एकाच जागी रोज टोचू नका. तिथे गाठ धरते आणि इन्सुलिन नीट शोषले जात नाही.

इन्सुलिन बर्फाच्या कप्प्यात कधीच ठेवू नये. गोठले की वाया गेले. फ्रीज नसेल किंवा वीज टिकत नसेल तर कुपी कोरड्या डब्यात घालून, तो डबा ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवावा. उसाच्या बांधावर दुचाकीच्या डिकीत ठेवू नये. उन्हात डिकी भट्टी होते.

शाळेविषयी थोडे. एका शाळेत आमच्या पोरीला सांगितले गेले, "सुई घरी जाऊन घ्यायची, इथं वर्गात मुलं घाबरतात." दोन महिने भाऊ दुपारचे काम टाकून शाळेच्या दारात उभा राहिला. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना पत्र लिहून कळवले आहे की, टाईप वनच्या मुलांना शाळेत साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे आणि मधल्या वेळी खाऊ द्यावे. त्या पत्राची प्रत मुख्याध्यापकांना नम्रपणे द्यावी. आम्ही दिली. आता ती मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत टोचून घेते, आणि तिच्या दोन मैत्रिणींना साखर कमी झाल्याची लक्षणे तोंडपाठ आहेत.

छत्रपती संभाजीनगरची 'उडान' ही संस्था अशा मुलांसाठी काम करते. इन्सुलिनचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी. लाजू नये.

ज्या सभासदांच्या घरी असे मूल आहे त्यांनी साखरेची वही घेऊन कधीही यावे. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकरापर्यंत मी गट कार्यालयात असतो, नंतर शिवारात. औषध मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचे काम. वही कशी मांडायची आणि भाकरी कशी मोजायची ते माझी भावजय दाखवील. तिने स्वतःहून नाव द्यायला सांगितले आहे. त्या आजोबांची सून येत्या रविवारी तिच्याकडे येणार आहे.

पुढील अंकात खोडव्यातील पाचट कुजवण्याविषयी.